चितार ओळीतला पुणेरी बडग्या

नागपुराहून येऊन मला आता तीन आठवडे झाले. भेटेल तो एकच विचारतो, "संत्री आणलीत का?" भादव्यात संत्र्यांची झाडं नुसती हिरवीगार असतात, फळ पिकायला अजून अवकाश आहे, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. आमच्या मासिकाचे संपादक तर माझ्याशी बोलतच नाहीत, कारण ज्या चित्रासाठी त्यांनी मला भाडं देऊन पाठवलं होतं ते मी आणलंच नाही. तेव्हा तिथे काय घडलं ते एकदाचं लिहून टाकतो. ज्याला वाचायचं त्याने वाचावं, आणि मला पुन्हा कोणी संत्र्यांचं विचारू नये.

आधी कबुली देतो. मारोतराव नावाचे एक चित्रकार नागपुरात आहेत. तिकडच्या लोककथा, सणवार, तळी, माळ हे त्यांचे विषय. गेल्या वर्षी त्यांची दोन चित्रं आमच्या मासिकात तीन रंगांत छापली होती आणि सोबत 'एक रसिक' या नावाने एक टिपण होतं. तो रसिक मीच. मी शाळेत ड्रॉइंग शिकवतो, मुंबईच्या परीक्षा पास झालेलो आहे, आणि त्यामुळे दुसऱ्याच्या चित्राला नावं ठेवण्याचा मक्ता आपल्याकडेच आहे असा माझा बरीच वर्षं समज होता. एका चित्रात तळं होतं आणि वर पितळी पिवळं आभाळ. मी लिहिलं, 'हे आभाळ आहे की चिंचेने घासलेली परात? असा रंग विधात्याने तरी पाहिला आहे काय? ही चित्रकला नव्हे, ही गणपती रंगवणाऱ्याची रंगरंगोटी आहे.' पुण्यात लोक पोट धरून हसले. दोघांनी तर रस्त्यात थांबवून पाठ थोपटली. मी आठ दिवस खुशीत होतो.

यंदा दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासाठी संपादकांना त्याच माणसाचं चित्र हवं होतं. तीन पत्रं गेली, एकाचंही उत्तर आलं नाही. "तुम्ही त्यातले जाणकार, तुम्हीच जाऊन घेऊन या," असं ते म्हणाले आणि मी निघालो. टिपणाखाली माझं नाव नव्हतं, तेव्हा भ्यायचं कारण नव्हतं.

खांदमळणी

टांगेवाल्याला 'चितार ओळ' एवढंच म्हटलं आणि त्याने घोडा हाकला. गणेशचतुर्थी पाच दिवसांवर आली होती, त्यामुळे अर्धं नागपूर तिकडेच चाललं होतं. महाल भागातली चिताऱ्यांची ही गल्ली म्हणजे दोन्ही बाजूंना गणपतीच गणपती. कोणी ओल्या मातीचे, कोणी खडूचा हात दिलेले पांढरेफटक, कोणी पीतांबर नेसलेले पण डोळे नसलेले. बायका ओट्यावर बसून खलात रंग घोटत होत्या, डिंक भिजत होता, आणि हातात काम नाही असा माणूस मला शोधून सापडला नाही. मुंबईला शाळेत आम्हाला रेषेचा सराव करायला महिने लागत. इथे एक म्हातारी माझ्याशी बोलता बोलता सोंडेवरची वेलबुट्टी काढत होती आणि तिचा हात एकदाही अडखळला नाही.

मारोतराव उंच आणि काटकुळे, वय पंचेचाळीसच्या आसपास, चष्मा दोऱ्याने कानाला बांधलेला, अंगभर खडूचे शिंतोडे. मी पुण्याहून अमुक मासिकाकडून आलोय म्हटल्यावर त्यांचा कुंचला क्षणभर थांबला. मग म्हणाले, "बसा जी. जेवले का?" आमच्याकडे हा प्रश्न समोरच्याने 'हो' म्हणावं म्हणून विचारतात. इथे माझ्या उत्तराची वाट न पाहता पाट मांडला गेला. त्यांच्या पत्नी गंगाबाई, म्हणजे वहिनी, यांनी ज्वारीची भाकरी आणि पाटवडीचा रस्सा वाढला. बेसनाच्या वड्या लालभडक रश्श्यात पोहत होत्या. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्याला नाकातून. वहिनींनी तोंडाला पदर लावून हसू दाबलं आणि वर तुपाची धार सोडली. तरीही मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. उतरायला एका खाणावळीचा पत्ता माझ्या खिशात होता, तो काढेपर्यंत माझी पेटी त्यांनी आतल्या खोलीत नेऊन ठेवलीसुद्धा.

जेवणानंतर मी मुखपृष्ठाचं काढलं. मारोतरावांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की चित्रं काढणं आता सोडलंय, बाप गणपती करायचा, आपणही तेच करतो. का सोडलं ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी गल्लीला माती पुरवणारा एक शेतकरी गाडी घेऊन आला होता. पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदमळणी होती, म्हणून त्याच्या बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळायचं होतं. मारोतरावांनीच ते चोळलं, आणि बैलांच्या कानाशी वाकून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." सालभर ज्यांनी माती वाहिली त्यांना रीतसर जेवणाचं आमंत्रण. आम्ही पुण्यात माणसांनासुद्धा इतक्या अदबीने बोलावत नाही.

गल्लीच्या टोकाला बांबूच्या कामट्यांचा एक पुरुषभर उंच सांगाडा उभा होता. त्यात गवत भरून वर कागद चिकटवला होता. अंगात कोट, कमरेला धोतर, डोक्यावर पुठ्ठ्याची लाल पगडी, हातात हातभर लांब कागदी टाक. चेहरा मात्र कोरा. हा काय प्रकार म्हणून मी विचारलं. गल्लीतले सगळ्यांत वडील आबाजी विडी विझवून पुढे आले आणि त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. वर्षभरातली रोगराई, पीडा, जे जे नकोसं झालं ते सगळं त्या पुतळ्यांसोबत मिरवत गावाबाहेर नेऊन जाळायचं. मारबत ही बाई, आणि तिच्यासोबत गल्लोगल्लीचे पुरुषाचे पुतळे असतात ते बडगे. ज्या गल्लीला जे छळतं त्याचा बडग्या करतात. मागच्या साली यांनी हिवतापाचा केला होता.

"आणि यंदा?" मी विचारलं.

"यंदा पुन्याचा रसिक," आबाजी म्हणाले. "आमच्या ओळीले रंगरंगोटीवाले म्हनलं जी त्यानं. आमचं जाऊ द्या, आमी आहोच तसे. पन या मारोतरावानं साल झालं, कापडाले हात नाई लावला. मुंबईले शिकून आलेला एकच मानूस हाये आमचा. त्याचा हात गेला त आमचं काय राह्यलं?"

आबाजी पुढे सांगत होते की रसिकाला कोणी पाहिलेलं नाही, म्हणून चेहरा अडलाय, तुम्ही पुण्याचे, तुम्हाला ठाऊक असेल तो कसा दिसतो. मी म्हटलं, माझी ओळख नाही. आयुष्यात इतकं खोटं मी क्वचितच बोललो असेन. आबाजींनी माझ्याकडे निरखून पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला आणि ते मारोतरावांना म्हणाले की यांचाच काढा, पुणेरी चेहरा घरबसल्या चालून आलाय. सगळ्या गल्लीला ती कल्पना पसंत पडली. नाही म्हणावं तर संशय येणार. मी हसून हो म्हटलं.

पोळा

सकाळी मारोतरावांनी मला गावाबाहेर पोळा दाखवायला नेलं. आमच्याकडचा बेंदूर मी पाहिलेला आहे, पण इतके बैल एका ओळीत उभे असलेले पाहिले नव्हते. शिंगांना हिंगूळ, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरांच्या माळा. आंब्याच्या पानांचं तोरण तुटलं तसा मालकांसकट सगळा कळप उधळला. मी बाजूला उडी मारली ती थेट काळ्या मातीत. पाय निघाला, पुणेरी जोडा आत राहिला. एका शेतकऱ्याने कोपरापर्यंत हात घालून तो उपसून काढला आणि म्हणाला, "आमची माती पाहुन्याले लवकर सोडत नाई जी." जोड्यात बसलेली ती काळी माती अजून निघालेली नाही.

दुपारी पुरणपोळी झाली. आमच्यासारखी पातळ पापुद्र्याची नव्हे. चांगली जाडजूड, आणि तुपाच्या वाटीत अख्खी बुडवून खायची. मारोतराव कामावर गेले तशी वहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. भिंतीकडे तोंडं करून सात-आठ कॅनव्हास उभे होते. वहिनींनी एकेक करून ते वळवले.

खोटं बोलून काय मिळणार आहे? मी उभ्या उभ्या गार झालो. एकात भुलाबाईच्या, म्हणजे आमच्या भोंडल्यासारख्या खेळातल्या, मुली होत्या, चांदण्यात फेर धरून, आणि एकीच्या झाकल्या मुठीत खाऊ आहे हे तिच्या खांद्यावरूनच कळत होतं. एकात उन्हाने पांढरा पडलेला माळ होता आणि त्यावर एकच पळस, बाकी काही नाही, तरी माझी नजर हलेना. आणि मग ते तळं. वहिनींनी त्याची कथा सांगितली. सक्करदऱ्याकडच्या जुन्या बायका ती सांगतात. पूर्वी घरात लग्न असलं की तळ्याकाठी जाऊन भांडी मागायची, सकाळी काठावर पितळेची भांडी घासून ठेवलेली असत. कार्य झालं की परत करायची. एकदा एकाने एक कटोरा ठेवून घेतला, तेव्हापासून तळ्याने देणं बंद केलं. मारोतरावांनी ती दुसरी सकाळ रंगवली होती. लग्नघरची माणसं काठावर रिकाम्या हाताने उभी आहेत आणि भांड्यांचा सगळा पितळी रंग वर आभाळात गेला आहे. आम्ही छापलेला ठसा हाताच्या तळव्याएवढा होता आणि त्यात पिवळा रंग नुसता ओरडत होता. त्या ठशावरून मी या माणसाची परीक्षा केली होती.

वहिनी दाराला टेकून उभ्या होत्या. आवाज न चढवता बोलत होत्या. मासिक आलं त्या दिवशी त्यांनी आधीच पेढे आणून वाटले होते. ओट्यावर सगळी गल्ली जमवली आणि टिपण मोठ्याने वाचायला घेतलं. पहिल्या चार ओळींत 'नागपूरचे प्रतिभावान' वगैरे होतं. मी टोमणा मारण्याआधी अशी पायरी करतो. पाचव्या ओळीला त्यांच्या लक्षात आलं, पण लोक म्हणत होते, पुढे वाच.

"मले थांबता नाई आलं," वहिनी म्हणाल्या. "माह्याच तोंडानं सगळ्यायनं ऐकलं. हे हसले त्या रोजी. भांडले असते त बरं झालं असतं. दुसऱ्या रोजी पाहतो त सगळे कापडं भिताडाकडे."

तेव्हा मी सांगायला हवं होतं. समोर बाई होती, तिचा काही दोष नव्हता, आणि वर्षभर ती तो दोष आपल्या माथी घेऊन जगत होती. माझ्या जिभेवर आलं होतं. पण मी भ्यालो. त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं याची भीती नव्हती, त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं याची होती. मी "फार सुंदर आहेत" असं काहीतरी पुटपुटलो आणि बाहेर आलो.

संध्याकाळी मला एका पालथ्या घमेल्यावर बसवून मारोतरावांनी बडग्याचा चेहरा करायला घेतला. मी ताठ बसलो तर म्हणाले की बोलत राहा, गप्प माणसाचा चेहरा सापडत नाही. मग मी पुण्यातल्या प्रदर्शनांबद्दल बोललो, कोण कसं वाईट काढतो, कोणाला रंगाचं कसं काही कळत नाही, तासभर बोललो. सवय असते माणसाला. ते कागदाच्या लगद्यावर हात चालवत होते, मधूनच माझ्याकडे पाहत होते. त्यांचं पाहणं फार वेगळं आहे. आपण एखाद्याला पाहताना त्याच्याबद्दलचं आपलं मत पाहतो. ते नुसते पाहतात.

झाल्यावर त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला. विडंबन असेल अशी माझी समजूत होती, नाक लांब, दात पुढे, असं काहीतरी. तसं काही नव्हतं. दुसरा बोलत असताना आपली बोलायची पाळी कधी येते याची वाट पाहणारा माणूस होता तो. हनुवटी वर, डावी भुवई किंचित चढलेली, आणि डोळ्यांत आपल्याला कोणी चांगलं म्हणेल का ही काळजी. मी वीस वर्षं आरशात पाहून दाढी करतोय. मला ती कधी दिसली नव्हती.

कर

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाला कर म्हणतात. पहाटेपासून दारादारांवर पळसाच्या फांद्या खोचलेल्या होत्या, त्या उपटून माणसं ओरडत निघाली, "घेऊन जा गे मारबत!" पुण्याच्या मिरवणुका मी लहानपणापासून पाहत आलोय, त्यांत शिस्त असते, लेझीम असते. इथे नुसता लोट होता. काळी मारबत आली, पिवळी मारबत आली, माणसांच्या डोक्यांवर डुलत, आणि त्यांच्या मागे बडगे. आणि त्यात मी. पगडी, कोट, टाक, गळ्यात पाटी 'पुण्याचा रसिक'. गर्दीतल्या कोणी कोणी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि गडगडून हसले. एका फुटाणेवालीने माझी ओंजळ फुकट भरली. आबाजी आवाज लावत होते, खोकला, ताप, दुसऱ्याच्या कामाले नावं ठेवनारे, आणि सगळी ओळ उत्तर देत होती, घेऊन जा गे मारबत.

मीही ओरडलो. आधी इतरांसारखं, तोंडदेखलं. मग माझा आवाज कधी मोठा झाला ते कळलं नाही. गावाबाहेर बडगे पेटवले तेव्हा घसा बसला होता. गवत भकाभका गेलं, कोट गेला, पगडी गेली. चेहऱ्याचा लगदा आदल्या दिवशीचा ओला, तो सगळ्यांत शेवटी जळला. एवढं सुंदर काम कोणी जाळतं का, असं मी मारोतरावांना विचारलं. ते म्हणाले, दरवर्षी जळते. त्यात त्यांना विशेष काही वाटत नव्हतं.

घरी येऊन सगळ्यांनी पाय धुतले. दुपारी गल्लीत तान्हा पोळा होता, पोरं लाकडी बैल ओढत दारोदार खाऊ मागत हिंडत होती. मारोतराव एका गणपतीचे डोळे आखत होते. डोळे आखताना चितार ओळीत कोणी बोलत नाही. मी शेजारी बसलो. डावा डोळा झाला, उजवा झाला. त्यांनी श्वास सोडला तेव्हा मी म्हटलं, "मारोतराव, तो रसिक मी आहे."

वहिनी दारात रंग घोटत बसल्या होत्या. बत्त्याचा आवाज थांबला.

मारोतरावांनी कुंचला पाण्यात धुतला, फडक्याला पुसला, आडवा ठेवला. मग म्हणाले, "मले ठाव नव्हतं. पन काल तुमचा चेहरा काढताना वाटलं, हा मानूस कायले तरी भिऊन राहिला."

मी माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी हात वर केला.

"तो त जळला जी सकाळी. सगळ्या ओळीनं पाह्यलं. जळलेल्याशी भांडाचं नसते." मग त्यांनी विचारलं, "एकच सांगा. ते आभाळ तुमाले काहून खोटं वाटलं?"

वर्षभर त्यांना हेच विचारायचं होतं. राग, अपमान हे नंतरचं. मी खरं ते सांगितलं. मी तुमचं चित्र पाहिलं नव्हतं, ठसा पाहिला होता. भुसावळच्या पलीकडे कधी आलो नव्हतो. आणि वाक्य सुचलं होतं, ते फुकट घालवणं जिवावर आलं. मारोतरावांनी मान हलवली आणि दुसरा गणपती पुढे ओढला. वहिनी उठून आत गेल्या.

दिवेलागणीला जेवायला बसलो. वडाभात होता, वर फोडणीचं तेल, सगळं रोजच्यासारखं. फक्त त्या दिवशी वहिनींनी एकदा वाढलं आणि पुन्हा 'घ्या नं जी' म्हटलं नाही. तीन दिवस ज्या आग्रहाने मी हैराण झालो होतो तो बंद झाल्यावर घास उतरेना. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

बीज

दुसऱ्या दिवशी, बीजेला, मी पेटी बांधून दारात आणून ठेवली. रात्रीची गाडी होती. चार वाजता मारोतराव हात धुऊन उभे राहिले आणि म्हणाले, "चला." चतुर्थी दोन दिवसांवर, ओट्यावर गिऱ्हाइकं तिष्ठत, आणि हा माणूस काखेत रंगांची पेटी नि एक कोरा कॅनव्हास घेऊन टांग्यात बसला. आबाजी मागून ओरडत राहिले की गणपतीचे डोळे काय मी आखू का. मारोतरावांनी मागे पाहिलं नाही.

सक्करदऱ्याच्या तळ्यावर आलो तेव्हा आभाळ राखेसारखं होतं. झिमझिम सुरू झाली. मारोतराव दगडावर बसले, मी त्यांच्या कॅनव्हासवर छत्री धरून उभा राहिलो. तासभर काही झालं नाही. डास चावत होते, खांदा भरून आला, आणि एक म्हैस पाण्यातून आमच्याकडे पाहत होती. मला वाटलं, याने मला शिक्षा म्हणून आणलंय, आणि ती मला मान्य होती.

मग पाऊस थांबला आणि पश्चिमेला ढगांखाली हातभर फट पडली. त्यातून उजेड आडवा आला, ढगांच्या पोटाला खालून लागला, आणि सगळं आभाळ पितळेचं झालं. मी दुसरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही. पाणी, म्हशीची पाठ, मारोतरावांचे हात, माझी छत्री, सगळ्यावर तो रंग. विधात्याने तरी पाहिला आहे काय, असं मी लिहिलं होतं. तिथली म्हैस तो रोज पाहत असेल. मला त्या क्षणी इतकी लाज वाटली आणि इतका आनंद झाला की दोन्ही मिळून माझे डोळे भरून आले.

मारोतरावांचा हात कधी चालू झाला ते मी पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा अर्धं आभाळ कॅनव्हासवर होतं.

"खरं आहे," मी म्हटलं. "तुमचं आभाळ खरं आहे."

"नाई जी, नीट पाहा," ते मान वर न करता म्हणाले. "खाली, पान्याजवळ, जरासा हिरवा हाये. तवा मले तो सापडला नव्हता. तुमी लिहिलेलं सगळंच चूक नव्हतं." आणि त्यांनी तो हिरवा लावला, एवढासा, नखाएवढा, आणि सगळं आभाळ एकदम मागे सरकलं.

पाव तासात उजेड विझला. चित्र अर्धंच झालं होतं. ओला कॅनव्हास मांडीवर उभा धरून आम्ही परत आलो. मुखपृष्ठासाठी मी पुन्हा विचारलं नाही. या माणसाच्या हातात काल-परवापर्यंत काही नव्हतं, आणि आज जे आलं ते लगेच पुण्याला नेऊन छापण्याची माझी इच्छाच उरली नव्हती.

गल्लीत कंदील लागले होते. गिऱ्हाइकं कंटाळून गेली होती, आबाजी रुसून बसले होते. वहिनी दारात आल्या. त्यांनी कॅनव्हास हातात घेतला, कंदिलाजवळ नेला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. त्यांचा अंगठा ओल्या रंगाला लागला तरी त्यांना कळलं नाही.

"अर्धंच हाये," त्या म्हणाल्या.

"उजेड गेला वं," मारोतराव म्हणाले. "उद्या पुन्हा जा लागते."

वहिनींनी कॅनव्हास भिंतीशी ठेवला, चित्र खोलीकडे करून. पदराने डोळे पुसले. मग वळून माझ्याकडे पाहिलं, काल दुपारनंतर पहिल्यांदाच.

"मंग पाहुन्यानं पेटी कायले दारात आनून ठेवली?" त्या म्हणाल्या. "उद्या छत्री कोन धरन?"

मी पेटी उचलून आत नेली.